धावेची वाट : बेळगावचा चौगुले आणि आपल्या शहरांची मॅरेथॉन



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपली शाळा ही व्याख्यानमाला चालवते, त्यांच्या हाताखाली मी शिकलो. आज त्यांच्या नावाने उभारलेल्या या व्यासपीठावर मला बोलावलेत, याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. विषय मात्र ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. ज्याने आयुष्यभर बखरी आणि जुना पत्रव्यवहार वाचला, ज्याला आता जिना चढतानाही कठड्याचा आधार लागतो, त्याने मॅरेथॉन शर्यतीवर बोलावे यात थोडा विनोद आहे, हे मला मान्य आहे. परंतु त्याचे मूळ गुरुजींपाशीच आहे.

आम्ही शिकत होतो तो काळ गोवा मुक्त झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांचा. शाळेला तेव्हा मैदान नव्हते. गुरुजी आम्हाला भल्या पहाटे शाळेपासून भगवतीच्या देवळापर्यंत आणि तेथून पुढे मालपेच्या उतरणीपर्यंत धावायला लावीत. आमच्यापैकी बहुतेकांच्या पायांत काही नसे. घड्याळ एकट्या गुरुजींच्या मनगटावर. परत आल्यावर ते खिशातून एक चोपडी काढीत आणि प्रत्येकाचे नाव व वेळ लिहून ठेवीत. पहिल्या आलेल्याचे तसेच शेवटच्या आलेल्याचेही. शेवटचे नाव पुष्कळदा माझेच असे. ते नाव लिहिताना त्यांच्या चेहऱ्यावर कधी उपहास दिसला नाही. त्या चोपडीचे महत्त्व मला फार उशिरा कळले. आजच्या व्याख्यानाच्या शेवटी मी तिच्याकडे परत येणार आहे.

दोन क्रियापदे

मी भाषेचा माणूस, म्हणून आरंभ शब्दापासून करतो. इंग्रजी एका शब्दात जे भागवते, त्यासाठी मराठीत दोन क्रियापदे आहेत : पळणे आणि धावणे. व्यवहारात आपण ती अदलून बदलून वापरतो; पण त्यांचे गोत्र निराळे आहे. ‘पळून जाणे’ असते, ‘पळ काढणे’ असते, ‘पळपुटा’ असतो. पळण्यात पाठ फिरवणे आहे. याउलट ‘धावून येणे’, ‘मदतीला धावणे’, ‘देवाचा धावा करणे’. धावण्यात कोणाच्या तरी दिशेने जाणे आहे. पालखी सोहळ्यात वेळापूरच्या वाटेवर वारकरी उतारावरून धावत सुटतात, त्यालाही ‘धावा’ असेच म्हणतात. पंढरी जवळ आली या आनंदाने शेकडो मैल चाललेली पावले तेथे वेग घेतात.

‘मॅरेथॉन’ हा परका शब्द आपल्याकडे आला आणि रुळला तो मात्र अगदी वेगळ्या अर्थाने. मॅरेथॉन बैठक, मॅरेथॉन चर्चा, मॅरेथॉन भाषण. कंटाळा येईपर्यंत लांबलेली कोणतीही गोष्ट आपण मॅरेथॉन ठरवली. माझे आजचे भाषण त्या अर्थाने मॅरेथॉन होऊ नये एवढी काळजी मी घेईन. पण हा शब्द मुळात एका गावाचे नाव आहे आणि त्या गावापासून निघालेल्या एका निरोप्याची कथा त्यामागे आहे.

दोन निरोपे

इसवी सनापूर्वी ४९० मध्ये मॅरेथॉनच्या मैदानावर अथेन्सच्या सैन्याने इराणी सैन्याचा पराभव केला. विजयाची वार्ता घेऊन एक जण अथेन्सपर्यंत धावला, ‘आपण जिंकलो’ एवढे सांगून कोसळला आणि मेला, अशी कथा सांगतात. इतिहासाचा अभ्यासक येथे थोडा थांबतो. हेरोडोटस या घटनेला सर्वांत जवळचा इतिहासकार. तो फैडिपिडीज नावाच्या निरोप्याचा उल्लेख करतो. पण तो लढाईपूर्वी मदत मागण्यासाठी अथेन्सहून स्पार्टाला गेला असे सांगतो. ते अंतर सुमारे २४० किलोमीटरांचे. धावून मरण पावलेला निरोप्या येतो तो पाचशेहून अधिक वर्षांनंतर लिहिणाऱ्या प्लुटार्कच्या लेखनात, आणि तेथे त्याचे नावही निराळे आहे. एकोणिसाव्या शतकात रॉबर्ट ब्राउनिंग या कवीने दोन्ही कथा एकत्र केल्या. त्यानंतर मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाच्या सूचनेवरून १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ही शर्यत आली. सूचना करणारा भाषेचा प्राध्यापक होता, हे मी थोड्या अभिमानाने सांगतो. पहिली शर्यत सुमारे चाळीस किलोमीटरांची होती आणि ती स्पिरिडोन लुईस या ग्रीक माणसाने जिंकली. आज प्रमाण मानलेले ४२.१९५ किलोमीटरांचे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधले; ते कायम झाले १९२१ मध्ये.

हे वाचताना मला नेहमी आपल्या इतिहासातला एक निरोप आठवतो. पेशवाईतील पत्रांत ‘जासूदजोडी’ हा शब्द वारंवार येतो. वाटेत एकाला काही झाले तर दुसऱ्याने पोचावे म्हणून पत्र घेऊन जासूद जोडीने निघत. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. नानासाहेब पेशवे त्या वेळी उत्तरेच्या वाटेवर, भेलशाच्या परिसरात होते. त्यांना पराभवाची बातमी मिळाली ती एका सावकारी पत्रातून, मोत्ये आणि मोहरा यांच्या सांकेतिक भाषेत. ते पत्र ज्याच्या पायांनी दक्षिणेकडे येत होते, त्याचे नाव आपल्याला सांगता येत नाही. ग्रीकांनी विजयाच्या निरोप्याला नाव दिले, कवीने त्याला अमर केले, शर्यतीने त्याला जगभर नेले. आपल्याकडे आला तो पराजयाचा निरोप, आणि तो आणणारा अनाम राहिला. पत्र जपून ठेवायचे आणि पाय विसरायचे, ही आपली जुनी खोड आहे. मीही माझ्या प्रबंधात जासुदांना एक तळटीप दिली होती. त्यापलीकडे काही नाही.

डेक्कन मॅरेथॉन

ही खोड आपल्याला विसाव्या शतकातही सुटली नाही. ज्याच्यासाठी मी आज उभा आहे, तो माणूस बेळगावचा : फडेप्पा दरेप्पा चौगुले.

बेळगाव आपल्याला परके नाही. पोर्तुगीज अमलात मराठी शिक्षणासाठी आपल्या मागच्या पिढ्यांतील कितीतरी मुले घाट चढून बेळगावला गेली. डिचोलीहून साखळी, केरी आणि चोर्ल्याचा घाट ओलांडला की ते गाव येते. त्या गावाने १९२० मध्ये भारताला ऑलिंपिकचा मॅरेथॉन धावक दिला, हे मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत मला विद्यार्थी म्हणून कधी भेटले नाही, आणि पुढे शिक्षक म्हणूनही नाही.

हकीगत अशी. पुण्याची डेक्कन जिमखाना ही संस्था १९०६ सालची. सर दोराबजी टाटा तिचे अध्यक्ष असताना १९१९ च्या सुमारास तेथे मैदानी स्पर्धा झाल्या. त्या स्पर्धांत सुमारे पंचवीस मैलांची एक शर्यत होती. तिला ‘डेक्कन मॅरेथॉन’ असे नाव दिले होते. दोराबजींनी पुढे ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना पाठवलेल्या पत्रात त्या शर्यतीचे वर्णन केले आहे. धावणारे बहुतेक शेतकरी होते. खडीच्या आणि मातीच्या रस्त्यांवर अनवाणी धावण्याची त्यांना सवय होती. शिकवण काहीच नव्हती. तरीही पहिल्या काही जणांच्या वेळा युरोपातील वेळांशी ताडून पाहण्याजोग्या होत्या. दोराबजींनी तेव्हा निश्चय केला की यांतील धावपटूंना आपल्या खर्चाने ऑलिंपिकला पाठवायचे.

१९२० चे ऑलिंपिक बेल्जियममधील अँटवर्प येथे भरले. भारताच्या त्या छोट्या चमूत चौगुले होते, सदाशिव दातार होते, कुमार नवले आणि रणधीर शिंदे हे मल्ल होते. शिंदे यांचे कांस्यपदक थोडक्यात हुकले. ते चौथे आले. चौगुले मॅरेथॉन धावले. त्या वर्षीचे अंतर नेहमीपेक्षा जास्त होते, ४२.७५ किलोमीटर. ऑलिंपिकच्या इतिहासातील ती सर्वांत लांब मॅरेथॉन. फिनलंडचा हानेस कोलेमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत पहिला आला. फडेप्पा चौगुले २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत एकोणिसावे आले.

एकोणिसावा क्रमांक ऐकून कोणी टाळ्या वाजवीत नाही. पण क्षणभर हिशेब करून पाहा. या देशात तेव्हा ऑलिंपिक संघटना नव्हती; ती स्थापन झाली १९२७ मध्ये. प्रशिक्षणाची परंपरा नव्हती. अठरा वर्षांच्या आसपासचा एक मुलगा बेळगावच्या रस्त्यावरून उठतो, समुद्र ओलांडतो आणि जगातील सर्वोत्तम धावपटूंच्या मागे अवघ्या सव्वाअठरा मिनिटांच्या आत पोचतो. त्याच्या पुढे अठरा जण होते. त्याच्या मागेही अनेक देशांचे धावपटू होते. भारताच्या दूर पल्ल्याच्या धावेचा इतिहास येथे सुरू होतो. पुढे १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये शिवनाथ सिंह अकरावे आले आणि १९७८ मध्ये त्यांनी २ तास १२ मिनिटांची वेळ दिली. ती देशातील सर्वोत्तम वेळ म्हणून अनेक दशके टिकली. त्या वाटेवर पहिले पाऊल बेळगावच्या पायाचे आहे. १९५२ मध्ये चौगुले निवर्तले.

पुणे : १९८३

डेक्कन मॅरेथॉननंतर सहा दशकांनी पुण्याने पुन्हा मॅरेथॉनला रस्ता दिला. १९८२ च्या अखेरीस दिल्लीत आशियाई खेळ झाले होते. घराघरांत नव्याने आलेल्या दूरदर्शनच्या पडद्यावर लोकांनी मैदानी खेळ पाहिले होते. त्या वातावरणात १९८३ मध्ये पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली. वर्षानुवर्षे चालत आलेल्या आपल्या देशातील शहरी मॅरेथॉनमध्ये ती सर्वांत जुन्यांपैकी आहे. पुढच्या काळात केनिया आणि इथिओपियाचे धावपटू पुण्याच्या रस्त्यावर पहिले येऊ लागले, आणि ज्या शहरात एकेकाळी सायकलींचे राज्य होते त्या शहराने रविवारच्या सकाळी रस्ता मोकळा करून त्यांना पाहिले.

पुण्याच्या शर्यतीचा मार्ग वेळोवेळी बदलला. अलीकडच्या वर्षांत ती सारसबागेजवळच्या सणस मैदानापासून सिंहगड रस्त्याने नांदेड सिटीकडे गेली आहे. मार्ग का बदलतो, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने अवश्य विचारावा. शहर वाढते, वाहने वाढतात, पूल उभे राहतात, आणि बेचाळीस किलोमीटर मोकळा रस्ता कोठे मिळेल याचे उत्तर दर काही वर्षांनी नव्याने शोधावे लागते. मॅरेथॉनचा नकाशा हा त्या शहराच्या वाढीचाच नकाशा असतो. न्यूयॉर्कची शर्यत १९७० मध्ये एका उद्यानात फेऱ्या मारून सुरू झाली. १९७६ मध्ये ती उद्यानाबाहेर पडून शहराच्या पाचही विभागांतून गेली, तेव्हा ती खऱ्या अर्थाने शहराची झाली.

मुंबईचा मार्ग

पण मार्ग वाचायचा असेल तर मुंबईचाच वाचावा. मुंबई मॅरेथॉनची पहिली शर्यत १५ फेब्रुवारी २००४ रोजी झाली. पुढे ती जानेवारीत भरू लागली. महामारीमुळे दोन वर्षे खंड पडला. २०२३ मध्ये ती पुन्हा धावली आणि त्या वर्षी इथिओपियाच्या हायले लेमी याने २ तास ७ मिनिटे ३२ सेकंदांची वेळ दिली.

शर्यत सुरू होते १८८८ मध्ये पूर्ण झालेल्या बोरीबंदरच्या स्थानकासमोर, जे आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आहे. तेथून हाकेच्या अंतरावर धोबीतलाव. आपल्या गोव्यातील खलाशी आणि नोकरीच्या शोधात आलेले तरुण जेथे पहिली रात्र काढीत, त्या कुडी तेथेच. थोडे पुढे हुतात्मा चौक. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात बळी गेलेल्यांचे ते स्मारक. ज्या बेळगावने फडेप्पा चौगुले दिला, ते १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेले. चौकातील ज्योतीशी त्या गावाचेही नाते आहे. मग समुद्रात भर घालून मिळवलेल्या जमिनीवरचा मरीन ड्राइव्ह, गिरगाव चौपाटी, केम्प्स कॉर्नर, पेडर रोड, हाजीअली, वरळी. २००९ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतू खुला झाल्यावर तोही शर्यतीच्या मार्गात आला. त्या सेतूवर एरवी पायी चालणाऱ्याला बंदी आहे. वर्षातून एका सकाळी तो पायांना मोकळा होतो. परतीची वाट माहीम, शिवाजी पार्क, प्रभादेवी, गिरणगावाच्या कडेने. १९८२ च्या संपानंतर थंडावलेल्या गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले मनोरे धावणाऱ्याला दिसतात. आणि पस्तीस किलोमीटर झाल्यावर, अंगातले सारे बळ संपत आलेले असताना, पेडर रोडचा चढ पुन्हा समोर येतो. अनुभवी धावक सांगतात की मुंबईची शर्यत त्या चढावर ठरते.

या मार्गावर आणखी एक रेघ आहे, ती नकाशात दिसत नाही. सर्वांत पुढे बक्षिसासाठी धावणारे विदेशी व्यावसायिक, मग देशी धावपटू, मग हौशी नागरिक, आणि थोड्या अंतराच्या दौडीत निरनिराळ्या सामाजिक संस्थांचे फलक घेऊन चालणारे हजारो लोक. संस्थांसाठी निधी गोळा करण्याची या शर्यतीची रीत मोठी आहे. ‘धावून येणे’ हा आपला वाक्प्रचार तेथे अक्षरशः खरा होतो. २०१८ पासून या शर्यतीला टाटांचे नाव आहे. दोराबजींनी अनवाणी शेतकऱ्यांना पाहिले त्याला तोवर शंभर वर्षे होत आली होती.

ते शेतकरी आज कोठे आहेत, असे मला कोणी विचारले तर मी ललिता बाबर यांचे नाव सांगेन. सातारा जिल्ह्यातील माण हा दुष्काळी तालुका. त्यातले मोही हे त्यांचे गाव. २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षे मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत त्या पहिल्या आल्या. पुढे अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळून २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्यांनी अंतिम फेरी गाठली आणि दहावा क्रमांक मिळवला. बॉस्टनच्या १८९७ पासून चाललेल्या शर्यतीने स्त्रियांना अधिकृत प्रवेश दिला तो १९७२ मध्ये. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन आली १९८४ मध्ये. आमच्या काळात मालपेच्या उतरणीवर धावणाऱ्यांत एकही मुलगी नव्हती, आणि त्याचे आम्हाला काही वाटलेही नाही, हे मी येथे नमूद करून ठेवतो.

एक कबुली

आता जे सांगतो ते सांगण्यासाठीच मी हा विषय निवडला.

१९८० च्या दशकाच्या मध्यावर मी एका महाविद्यालयात शिकवीत होतो. डिचोली तालुक्यातील खाणीच्या गावचा एक विद्यार्थी माझ्या वर्गात होता. अभ्यासात बेताचा, बोलण्यात त्याहून बेताचा. एके दिवशी तो माझ्याकडे आला. पुण्याच्या मॅरेथॉनला जायचे होते. चार दिवसांची रजा आणि माझी शिफारस त्याला हवी होती. खनिज वाहणारे ट्रक सुरू होण्यापूर्वी, पहाटे चारला उठून तो रस्त्यावर सराव करी, हे त्याने त्या वेळी सांगितले. मी हजेरीपत्रक उघडले. हजेरी कमी भरत होती, परीक्षा तोंडावर आली होती. मी म्हणालो, पळून पोट भरत नाही. तो ‘बरं सर’ म्हणाला आणि गेला. मी ‘पळून’ म्हणालो, ‘धावून’ म्हणालो नाही, हे आजही आठवते. शब्दांचा अभ्यासक असल्याची ही शिक्षा आहे.

मी गुरुजींचा विद्यार्थी होतो. शेवटच्या आलेल्या मुलाचे नाव चोपडीत लिहिणाऱ्या माणसाकडून मी शिकलो होतो. तरीही माझ्या हातात वही आली तेव्हा मी तिच्यात फक्त गैरहजेरी पाहिली. तो मुलगा पुण्याला जाऊन कितवा आला असता, हे महत्त्वाचे नाही. तो गेला असता, एवढेच महत्त्वाचे होते.

पुढे तो खाणीवर कामाला लागला. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, त्यानंतर काही महिन्यांनी तो मला डिचोलीच्या बसस्थानकावर भेटला. केस पिकले होते. त्यानेच ओळख दिली. मी चौकशी केली. काम गेल्याचे त्याने सांगितले. मग थोडे हसून म्हणाला, ‘‘हांव अजून धांवतां, सर. आतां ट्रक नात. रस्तो मेकळो आसा.’’ मला उत्तर सुचले नाही. त्याची बस आली आणि तो गेला.

एक विनंती

गोव्यातही आता मॅरेथॉन रुजली आहे. वास्को-चिखलीकडे जुवारीच्या काठाने नदीची मॅरेथॉन २०१० पासून धावली जाते. २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा आपल्या राज्यात झाल्या. मोपाचा विमानतळ झाला, आपल्या तालुक्याचे रस्ते रुंद झाले, वाहनांचा वेग वाढला. ज्या वाटेवर आम्ही अनवाणी धावलो, तेथे आज मुलांना एकटे सोडायला आईबाप धजत नाहीत, आणि त्यांचे चूक आहे असे मला म्हणवत नाही.

तरीही आपल्या रस्त्यांना स्मृती आहे. याच तालुक्यात पत्रादेवीला १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही पायी सरहद्द ओलांडून आले आणि गोळ्यांपुढे उभे राहिले. कर्नेल सिंह बेनीपाल यांच्यासारखा दूर पंजाबातील तरुण तेथे धारातीर्थी पडला. त्या दिवशी त्या रस्त्यावर कोणी पळाले नाही. जे आले ते धावून आले होते.

म्हणून माझी शाळेला एक विनंती आहे. गुरुजींची वाट पुन्हा आखा. शाळेपासून भगवतीच्या देवळापर्यंत, आणि वाहतुकीची व्यवस्था करता आली तर मालपेच्या उतरणीपर्यंत. वर्षातून एका सकाळी मुलामुलींना तिच्यावर धावू द्या. पोलिसांना विनंती करून तासभर रस्ता मोकळा घ्या. ढाल नको, रोख बक्षीस नको. एक जाड वही तेवढी ठेवा. जो कोणी पोचेल त्याचे नाव आणि वेळ तिच्यात लिहा. शेवटच्या मुलापर्यंत थांबा आणि त्याचेही लिहा. जासुदांची नावे गेली. चौगुल्यांचे नाव टिकले ते परदेशी घड्याळाने टिपले म्हणून. आपल्या मुलांची नावे आपणच लिहून ठेवली पाहिजेत.

त्या वहीच्या खर्चासाठी एक लहानशी रक्कम मी आज मुख्याध्यापकांकडे देत आहे. पहिल्या वर्षी मी वाटेच्या शेवटी खुर्ची टाकून बसेन आणि नावे लिहीन. अक्षर अजून बरे आहे.